खुर्ची रिकामी, कार्यभार अतिरिक्त
आरोग्य खात्यातील नेमणुकांकडे वैद्यांनी व औषधनिर्मात्यांनी का पाहावे?

चिकित्सेचे चार पाद कोणते, हे आपल्यापैकी कोणासही सांगावयास नको. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चारही गुणसंपन्न असतील तरच व्याधीचा उपशम होतो, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात सांगितले आहे. त्याच अध्यायात कुंभाराचा दृष्टांत येतो. माती, काठी, चाक आणि दोरा सर्व काही जागेवर असले तरी कुंभारावाचून घट होत नाही; त्याचप्रमाणे वैद्यावाचून उरलेले तीन पाद निष्फळ ठरतात. हा दृष्टांत आपण रुग्णशय्येपुरताच वाचतो. वास्तविक तो कोणत्याही कार्यसंस्थेस लागू पडतो. इमारत आहे, निधी आहे, कर्मचारी आहेत, रुग्ण तर आहेतच. परंतु निर्णय घेणाऱ्याची खुर्ची रिकामी आहे, किंवा तिच्यावर बसलेली व्यक्ती आणखी दोन खुर्च्या सांभाळीत आहे, तर त्या खात्यातून घट निघेल कसा?

आरोग्य खात्यातील अधिकाऱ्यांच्या नेमणुका हा विषय आपल्या व्यवसायबंधूंच्या चर्चेत क्वचितच येतो. कोण आले, कोण गेले, एवढेच आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. परंतु नर्सिंग होमची नोंदणी, पंचकर्म रुग्णालयाचे नूतनीकरण, नव्या कल्पाचा निर्मिती परवाना, नमुना तपासणीचा अहवाल, किंवा साथीच्या काळातील एक परिपत्रक, या प्रत्येक कागदावर शेवटी कोणाची तरी सही लागते. ती सही करणारी व्यक्ती कोण असावी, तिची निवड कोणत्या कसोटीवर व्हावी आणि तिने त्या पदावर किती काळ राहावे, हा प्रश्न म्हणूनच आपला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

आयुर्वेदाची तीन दारे

महाराष्ट्रात शासनाच्या आरोग्ययंत्रणेची मूळ विभागणी १९७० साली झाली. आरोग्य सेवा संचालनालय आणि वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालय ही दोन स्वतंत्र झाली. पुढे मंत्रालयातही सार्वजनिक आरोग्य विभाग आणि वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग अशी दोन घरे राहिली. आयुर्वेदाचा संसार या दोन्ही घरांत विखुरला आहे. महाविद्यालये व त्यांची संलग्न रुग्णालये आयुष संचालनालयाकडे, म्हणजे वैद्यकीय शिक्षणाच्या घरात. प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण व जिल्हा रुग्णालये आणि तेथे सेवा करणारे आयुर्वेद पदवीधर हे सार्वजनिक आरोग्याच्या घरात. औषधनिर्मितीचे परवाने व तपासणी अन्न व औषध प्रशासनाकडे. व्यवसायाची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ खाली स्थापन झालेल्या महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन या चौथ्या ठिकाणी, आणि शहरी भागात रुग्णालयाची नोंदणी महानगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे.

याचा परिणाम असा की, आयुर्वेदाच्या एखाद्या प्रश्नाची फाइल एका दारातून दुसऱ्या दारात जाते. प्रत्येक दाराशी पूर्णवेळ, जाणकार आणि स्थिर अधिकारी असेल तर हा प्रवास काही आठवड्यांचा असतो. एका जरी दाराशी प्रभारी बसले असतील तरी तो प्रवास वर्षाचा होतो. ज्या शास्त्राचे काम एकाच छत्राखाली आहे, त्यास एका रिकाम्या खुर्चीने होणारी हानी मर्यादित राहते. आपले काम अनेक दारी वाटलेले असल्याने आपली हानी गुणाकाराने वाढते.

वारज्याचा अनुभव

आमची वस्ती व व्यवसाय वारजे परिसरात. हे गाव १९९७ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तोपर्यंत हवेली तालुक्यातील या गावाचे आरोग्य जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या अखत्यारीत होते; समावेशानंतर ते महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे गेले. हीच घटना पुढे शेजारी घडत राहिली. शिवणे, उत्तमनगर व धायरी ही गावे २०१७ साली, तर कोंढवे-धावडे, कोपरे, नांदेड, खडकवासला व किरकटवाडी ही गावे २०२१ साली महापालिकेत आली. अधिसूचना निघते त्या दिवशी लाखो नागरिकांची जबाबदारी एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाते. लोकसंख्या एका रात्रीत हस्तांतरित होते. वैद्यकीय अधिकाऱ्यांची, आरोग्य निरीक्षकांची, परिचारिकांची पदे मात्र त्या वेगाने निर्माण होत नाहीत. आकृतिबंध मंजुरीसाठी जातो, सेवाप्रवेश नियम तयार व्हावयाचे असतात, आणि मधल्या काळात जुनेच मनुष्यबळ नव्या हद्दीवर ताणून पसरले जाते.

ही केवळ प्रशासनाची अडचण नव्हे, याची प्रचिती जानेवारी २०२५ मध्ये आली. मुठेच्या पलीकडे, आमच्या अगदी समोर, सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी व धायरी या भागांत गुइलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. पुणे परिसरातील रुग्णसंख्या पुढे दोनशेच्या वर गेली. दूषित पाण्याशी या उद्रेकाचा असलेला संबंध तपासात पुढे आला. राज्याने शीघ्र प्रतिसाद पथक नेमले, केंद्राचे पथक आले. अतिसाराचे पहिले रुग्ण ज्यांच्या दवाखान्यात आले ते बहुतांशी आपल्यासारखेच गल्लीतील चिकित्सक होते. त्याआधी जून २०२४ मध्ये एरंडवणे येथे झिकाचे रुग्ण आढळले होते. अशा वेळी खाजगी चिकित्सकांकडून कोणती माहिती, कोणत्या नमुन्यात, कोणाकडे व किती तासांत यावयास हवी, हे एका व्यक्तीने ठरवावे लागते. ती व्यक्ती परिसर जाणणारी हवी. विहिरी कोठे आहेत, टँकर कोठून भरतात, कोणत्या सोसायटीला कोणते पाणी येते, हे ज्ञान बदलीच्या आदेशासोबत येत नाही. ते पदावर राहून मिळवावे लागते.

पुणे महापालिकेचा आरोग्य अधिकारी हे साधे पद नव्हे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये ज्या पदांचा नामनिर्देश करून तरतूद केली आहे, त्यांत शहर अभियंत्याप्रमाणेच आरोग्य अधिकाऱ्याचेही पद आहे. तरीही या पदावर महापालिकेच्या स्वतःच्या सेवेतील अधिकारी असावा की राज्य शासनाकडून प्रतिनियुक्तीवर यावा, हा वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. मे २०२४ मध्ये तर तत्कालीन आरोग्य अधिकाऱ्यांचे राज्य शासनाकडून निलंबन झाले आणि तो विषय राज्यभर गाजला. त्या वादातील कोणाची बाजू योग्य, हे ठरविणे आमचे काम नाही. परंतु त्यानंतर महिनाभरातच झिकाचा पहिला रुग्ण सापडला, हा कालक्रम वाचकांनी लक्षात घ्यावा. साथ ही कोणत्याही खात्याची पदस्थापना पूर्ण होईपर्यंत थांबत नाही.

'अतिरिक्त कार्यभार' या शब्दामागे

शासकीय भाषेतील 'अतिरिक्त कार्यभार' हा शब्द निरुपद्रवी वाटतो. एखादा अधिकारी रजेवर गेला किंवा अचानक सेवेतून गेला, तर काम अडू नये म्हणून ही व्यवस्था आहे, आणि तेवढ्यापुरती ती आवश्यकही आहे. दोष तेव्हा उत्पन्न होतो, जेव्हा आठवड्यांची सोय वर्षांची रीत होऊन बसते.

प्रभारी अधिकारी काय करू शकतो आणि काय करीत नाही, हे अनुभवाने आपण सारे जाणतो. तो दैनंदिन टपाल पाहतो, वेतनाची देयके मंजूर करतो, विधिमंडळाच्या प्रश्नांस उत्तरे पाठवितो. परंतु ज्या निर्णयाचे परिणाम तीन वर्षांनी दिसावयाचे, तो निर्णय तो घेत नाही. आणि त्यास दोषही देता येत नाही, कारण ते फळ पाहावयास तो तेथे असणार नसतो. आमच्यापैकी एका औषधनिर्मात्याची एक फाइल एका कार्यालयात (नाव येथे अप्रस्तुत आहे) 'साहेब मंगळवारी व शुक्रवारी बसतात' या एका वाक्यावर चार महिने थांबली होती. मंगळवारी साहेबांची मुंबईस बैठक असे व शुक्रवारी मूळ पदाचे काम. कोणी लाच मागितली नाही, कोणी उद्धटपणा केला नाही. फक्त निर्णय घेणारे कोणी नव्हते.

खुर्च्या रिकाम्या का राहतात? सेवानिवृत्तीची तारीख तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. मुख्य कारणे तीन दिसतात. पहिले, सेवाप्रवेश नियम वेळेवर सुधारले जात नाहीत, त्यामुळे पदास पात्र कोण हेच निश्चित नसते. दुसरे, सेवाज्येष्ठतेच्या यादीवर हरकती येतात आणि प्रकरण महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जाते. पदोन्नतीतील आरक्षणाविषयीच्या २००४ च्या शासन निर्णयाचा प्रश्न ऑगस्ट २०१७ मधील उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्या काळात अनेक खात्यांतील पदोन्नत्यांची साखळी विस्कळीत झाली. तिसरे कारण अधिक नाजूक आहे. प्रभारी अधिकारी वरिष्ठांस सोयीचा असतो. ज्याची खुर्ची एका दूरध्वनीने जाऊ शकते, तो सहसा 'नाही' म्हणत नाही.

कायदा काय म्हणतो

येथे वाचकांस एका कायद्याचे स्मरण करून द्यावयाचे आहे. त्याचे नाव लांबलचक आहे : महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. तो जुलै २००६ पासून अमलात आहे. ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांच्या आंदोलनांचा त्यामागे मोठा वाटा होता. या कायद्याने पदावरील सामान्य कालावधी तीन वर्षांचा ठरविला. बदल्या सर्वसाधारणपणे एप्रिल-मे मध्येच व्हाव्यात. मुदतीपूर्वी बदली करावयाची तर विशेष कारण लेखी नमूद करून सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी, अशी तरतूद केली. म्हणजे तीन वर्षांची मर्यादा दोन्ही बाजूंनी आहे : कोणी वर्षानुवर्षे एकाच जागी ठाण मांडू नये, आणि कोणास अकाली उचलूही नये.

त्याच कायद्याचा दुसरा भाग आपल्या अधिक उपयोगाचा आहे. कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये. ज्या प्रकरणी अन्य विभागाकडे जावे लागत नाही त्याचा निर्णय पंचेचाळीस दिवसांत, आणि अन्य विभागाचा अभिप्राय लागतो तेथे तीन महिन्यांत व्हावा, असे त्यात म्हटले आहे. आपल्यापैकी किती जणांनी स्मरणपत्र लिहिताना या तरतुदीचा उल्लेख केला असेल?

पुढे ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमण्यन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सनदी अधिकाऱ्यांस किमान निश्चित कार्यकाळ असावा, नेमणुका व बदल्यांसाठी नागरी सेवा मंडळे असावीत आणि तोंडी आदेशांवर काम न करता ते लेखी नोंदवावेत, असे निर्देश दिले. महाराष्ट्रानेही त्यानुसार मंडळे स्थापन केली.

कायदा असूनही व्यवहार कसा चालतो, याचे ठळक उदाहरण पुणेकरांस परिचित अशा अधिकाऱ्याचे आहे. पीएमपीएमएलमधील कारकिर्दीमुळे येथे सर्वश्रुत असलेले तुकाराम मुंढे यांची सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस आरोग्य सेवा आयुक्त व राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे संचालक म्हणून नेमणूक झाली आणि नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस, म्हणजे अवघ्या दोन महिन्यांत, बदलीही झाली. त्यांची कार्यपद्धती कोणास रुचेल, कोणास रुचणार नाही. परंतु सुमारे बारा कोटी लोकसंख्येच्या राज्याची आरोग्यसेवा दोन महिन्यांत समजून घेणेही अशक्य आहे, मग सुधारणे दूरच. पथ्यापथ्य सांगून रुग्णास पंधरा दिवसांनी बोलावणारे आपण. औषधाची मात्रा पोटात जाताच वैद्य बदलणाऱ्या रुग्णास आपण काय सांगतो, ते वेगळे सांगणे न लगे.

लेखणीचे वजन

अधिकाऱ्याच्या एका वाक्याचे वजन किती असते, याचा दाखला आपल्याच व्यवसायातील आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा नवी मुंबई महापालिका आयुक्तांच्या नोटिशीने खाजगी चिकित्सकांस दवाखाने उघडे ठेवण्यास बजावले होते. तेथील एका आयुर्वेद चिकित्सकाने दवाखाना चालू ठेवला आणि जून २०२० मध्ये कोविडने त्यांचा मृत्यू झाला. कुटुंबीयांनी केंद्राच्या पन्नास लाखांच्या विमा योजनेखाली दावा केला. त्यांची सेवा शासनाने रीतसर मागविली होती असे दिसत नाही, या कारणाने मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो अमान्य केला. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काळातील कायदे व आदेश पाहता चिकित्सकांच्या सेवा मागविल्या गेल्या होत्या असा निर्वाळा दिला, आणि प्रत्येक दावा पुराव्याच्या आधारे ठरवावा असे म्हटले. नोटिशीतील शब्दांचा अर्थ लागण्यास पाच वर्षे गेली. तो आदेश लिहितानाच 'या काळात सेवा देणारे खाजगी चिकित्सक योजनेच्या लाभास पात्र समजले जातील' असे एक वाक्य कोणी घातले असते, तर एका कुटुंबाची पाच वर्षे वाचली असती. असे वाक्य सुचण्यासाठी खात्यात चिकित्सकांचे जीवन ठाऊक असणारा माणूस निर्णयाच्या मेजावर असावा लागतो.

वैद्य असावा की प्रशासक?

येथे स्वाभाविक प्रश्न येतो की, आयुर्वेदाशी संबंधित खात्याचा प्रमुख वैद्यच असावा काय? केंद्रात २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतंत्र आयुष मंत्रालय झाले आणि २०१७ साली वैद्य राजेश कोटेचा यांना त्या मंत्रालयात प्रथम विशेष सचिव व नंतर सचिव नेमण्यात आले. जामनगरच्या गुजरात आयुर्वेद विद्यापीठाचे कुलगुरूपद त्यांनी आधी भूषविले होते. भारतीय प्रशासन सेवेबाहेरील एका वैद्याने सचिवपद सांभाळणे ही आपल्या व्यवसायासाठी अभिमानाची घटना होती. महाराष्ट्रात मात्र प्रवाह काहीसा उलट दिसतो. आरोग्य सेवा संचालक हे डॉक्टर असले तरी त्यांच्यावर आयुक्त म्हणून भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी आले, आणि वैद्यकीय शिक्षण व आयुष यांसाठीही अलीकडे आयुक्तपद निर्माण झाले.

आमचे मत असे की, केवळ पदवीवर आग्रह धरणे पुरेसे नाही. प्रशासकाने खात्याचे रूप पालटल्याची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. महेश झगडे हे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना औषध दुकानांत फार्मासिस्टच्या उपस्थितीवर कटाक्षाने भर दिला गेला. औषध विक्रेत्यांनी संप केले, वाद झाले, परंतु खाते जागे आहे हे सर्वांस कळले. याच्या उलट, शास्त्र उत्तम जाणणारा परंतु टिपणी लिहिण्याचा वा अंदाजपत्रक वाचण्याचा सराव नसलेला तज्ज्ञ खुर्चीवर बसला, तर कार्यालयातील अनुभवी लिपिकच खाते चालवितो, हेही आपण पाहतो.

म्हणून कसोटी चरकाचार्यांनीच द्यावी. भिषकाचे चार गुण त्यांनी सांगितले : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, प्रत्यक्ष कर्माचा वारंवार अनुभव, दक्षता आणि शुचिता. खात्याच्या प्रमुखासाठी हेच चार निकष लावावेत. पहिल्या दोहोंसाठी वैद्यास झुकते माप मिळेल, तिसऱ्यासाठी कदाचित प्रशासकास. चौथा गुण कोणत्याच सेवेची मिरासदारी नाही. चारही गुण एका व्यक्तीत न मिळाले तर प्रमुखाजवळ निर्णयाधिकार असलेला तज्ज्ञ असावा, केवळ 'अभिप्रायार्थ सादर' लिहिणारा नव्हे.

निकष कागदावर आणता येतात, हे राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोग अधिनियम, २०२० ने दाखविले आहे. या आयोगाच्या अध्यक्षासाठी भारतीय चिकित्सा पद्धतीतील पदव्युत्तर पदवी, किमान वीस वर्षांचा अनुभव व त्यांपैकी दहा वर्षे नेतृत्वाची, अशी अट कायद्यातच लिहिली आहे. नावे सुचविण्यासाठी मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली शोध समिती आहे. कार्यकाळ चार वर्षांहून अधिक नाही, आणि मुदतवाढ वा फेरनियुक्ती नाही. दिल्लीतील एका पदासाठी हे लिहिता येते, तर राज्यातील आयुष संचालक, महापालिकेतील आरोग्य अधिकारी वा कौन्सिलचे प्रबंधक यांच्यासाठी निवडीचे निकष व मुदत जाहीर का होऊ नये? आपल्या प्रांतात तर ही परंपरा जुनी आहे. १९३८ च्या मुंबई वैद्यक व्यवसायी अधिनियमाने देशी वैद्यकाच्या व्यावसायिकांची नोंदणी सुरू केली, तेव्हापासून आपल्या कारभारात आपला आवाज असावा हे तत्त्व मान्य झालेले आहे.

शिडी नसलेले सेवक

नेतृत्व आकाशातून पडत नाही. ते खालच्या पायरीवर घडते. आज राज्याच्या सार्वजनिक आरोग्यात आयुर्वेद पदवीधर किती ठिकाणी आहेत, ते पाहावे. दुर्गम व आदिवासी भागांतील आरोग्य केंद्रांत ते आहेत. शाळा-अंगणवाड्यांतील बालकांची तपासणी करणाऱ्या पथकांत ते आहेत. २०१४ पासून धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांत बहुसंख्येने तेच आहेत. उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत झाले, तेव्हा सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पूर्ण करून समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून तेथेही तेच गेले.

यांतील मोठा वर्ग कंत्राटी आहे. ज्याचा करार दरवर्षी नूतनीकरणासाठी जातो, त्याच्या अनुभवाची सेवाज्येष्ठतेत नोंद होत नाही; आणि ज्याची ज्येष्ठता नाही तो तालुका, जिल्हा वा संचालनालय पातळीवर पोहोचत नाही. परिणामी गाव, रुग्ण व साथ यांचा अनुभव असलेला मनुष्य खाली राहतो, आणि वर निर्णय घेणाऱ्यास तो अनुभव नसतो. दृष्टकर्मता आहे तेथे अधिकार नाही, अधिकार आहे तेथे दृष्टकर्मता नाही, असा हा विपर्यास आहे.

औषधनिर्मात्यांच्या बाजूने

औषधशाळांच्या मालकांस या विषयाचा संबंध अधिक थेट आहे. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नाही, परंतु निर्मितीस लागतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मध्ये १९६४ साली आपल्यासाठी स्वतंत्र प्रकरण आले. २००० साली शेड्यूल टी प्रमाणे उत्तम निर्मिती पद्धती सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२१ च्या दुरुस्तीने परवाना कायमस्वरूपी झाला, अर्ज ई-औषधी संकेतस्थळावर आला आणि निर्णयाची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली गेली. दिल्लीहून मुदत कमी होते. ती पाळणारा अधिकारी मात्र राज्याने नेमावयाचा असतो. संगणकावर अर्ज क्षणात पोहोचतो, आणि तेथे तो पाहणाऱ्याची वाट पाहत राहतो.

शैथिल्याची किंमतही आपणच देतो. उत्तराखंडातील एका मोठ्या आयुर्वेदीय उद्योगाच्या जाहिरातींचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात चालले, तेव्हा एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने तेथील परवाना प्राधिकरणास वर्षानुवर्षे कारवाई न केल्याबद्दल कठोर शब्दांत सुनावले. त्या खटल्याची झळ देशभरातील प्रामाणिक लहान औषधनिर्मात्यांच्या प्रतिष्ठेस लागली. सक्षम निरीक्षक हा चांगल्या निर्मात्याचा शत्रू नसून संरक्षक असतो. आयुर्वेदाची पदवी असलेली व्यक्तीही आपल्या औषधांसाठी निरीक्षक होऊ शकते, अशी नियमांत सोय आहे. भस्माची परीक्षा, आसवारिष्टांचे संधान, स्नेहपाकाची लक्षणे ज्याने हाताने केली आहेत, त्याच्या तपासणीत आणि केवळ नोंदवह्या पाहणाऱ्याच्या तपासणीत अंतर असणारच.

आपण काय करावे

नवीन अधिकारी रुजू झाले की शाल-श्रीफळ देऊन त्यांचे स्वागत करण्याची आपली प्रथा आहे. ती चांगली आहे व चालू राहावी. त्याच भेटीत एका पानाचे निवेदनही द्यावे. त्यात आमच्या मते पाच मागण्या असाव्यात :

१. आयुर्वेदाशी संबंधित कोणत्याही प्रमुख पदाचा अतिरिक्त कार्यभार तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ राहू नये. राहिल्यास कारण लेखी जाहीर करावे.

२. २००५ च्या कायद्यातील तीन वर्षांचा कालावधी पाळला जावा, आणि साथीच्या काळात आरोग्य प्रमुखाची बदली टाळावी.

३. निवडीचे निकष, पात्र उमेदवारांची ज्येष्ठता यादी व निवड समितीची रचना संकेतस्थळावर प्रसिद्ध करावी.

४. कंत्राटी व दुर्गम भागातील सेवेस भरती व पदोन्नतीत गुण मिळावेत.

५. अन्न व औषध प्रशासनात आयुर्वेद पदवीधर निरीक्षकांची पदे भरली जावीत.

निवेदनाबरोबर पुरावाही हवा. यासाठी आम्ही सुचवितो की, संघटनेच्या प्रत्येक शाखेने एक पदनोंदवही ठेवावी. पदाचे नाव, धारक केव्हापासून, पूर्णवेळ की प्रभारी, पद रिक्त असल्यास कोणत्या तारखेपासून, एवढेच चार रकाने. व्यक्तीविषयी एक अक्षरही लिहू नये. प्रश्न पदाचा आहे, माणसाचा नव्हे. कार्यालयातून माहिती न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा; तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अधिसूचित सेवांच्या विलंबासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपिलाचा मार्ग आहे. वारजे, कर्वेनगर व शिवणे परिसरातील आम्ही काही जणांनी ही नोंद सुरू करण्याचे ठरविले आहे. अन्य शाखांनी आपापल्या नोंदी पाठविल्यास या त्रैमासिकाच्या प्रत्येक अंकात एक पान त्यासाठी देता येईल. वर्षाकाठी चार पाने जमतील, आणि कोणती खुर्ची किती दिवस रिकामी होती हे तारखेनिशी सांगता येईल.

वारज्यात महापालिकेचे सुमारे साडेतीनशे खाटांचे रुग्णालय खाजगी भागीदारीतून उभारण्याची योजना आखली गेली आहे. भागीदारीच्या तत्त्वावर मतभेद असू शकतात. तथापि करारातील अटी पाळल्या जातात की नाही, गरीब रुग्णास ठरलेल्या दरात खाट मिळते की नाही, तेथे पंचकर्माचा विभाग असावा की नसावा, हे पाहणारा आरोग्य अधिकारी जर दर सहा महिन्यांनी बदलणार असेल, तर करार कितीही चांगला असून उपयोग नाही. माती आहे, चाक आहे, दोराही आहे. कुंभार कोण आणि तो किती दिवस बसणार आहे, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि तो लेखी वापरावा.